दुसरा घाव

खुर्ची डुगडुगली न्हाई, एवढंच झालं. पण जगनचा हात तसाच खाली राहिला, घडी घातलेल्या कागदासकट. तीन वर्षं झाली, हिंगोलीच्या त्या सरकारी ऑफिसात तो कंत्राटावर टायपिंग करतो, आन रोज सकाळी त्याचं पहिलं काम हेच. नामंजूर झालेला कुठला तरी अर्ज घ्यायचा, त्याच्या आठ घड्या घालायच्या आन खुर्चीच्या मागच्या उजव्या पायाखाली सारायच्या. झाडूवाली सांजच्याला तो कागद काढून टाकायची, सकाळी हा परत घालायचा. सोमवारी नव्या लाकडी खुर्च्या आल्या. जगन बसला, सवयीनं वाकला, पायाखाली फट शोधली. फट नव्हती. चारी पाय फरशीला असे टेकलेले जणू फरशीतूनच उगवले. वाकल्या वाकल्या त्याची नजर बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला गेली. तिथं काळ्या शाईचा शिक्का होता. कारागृह उद्योग. खाली एक नंबर.

"काय पडलं का जगनभाऊ?" शेजारच्या टेबलावरून शीतलनं विचारलं. ती पण कंत्राटीच, दुपारच्या सुट्टीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची.

"न्हाई. शिक्का बघून राहिलो. जेलात बनल्यात ह्या."

शिपाई चहा घेऊन आला होता. तो म्हणला, "साहेबाची दरोडेखोरानं केली आसंल, आपल्या पाकीटमारानं. पाठ टेकताना खिसा सांभाळा." सगळे हसले. जगनपण हसला. हसता हसता त्याला कळलं की आपली पाठ खुर्चीला टेकलेलीच न्हाई, आपण पुढं सरकून काठावर बसलोत, दुसऱ्याच्या घरी बसल्यावानी.

दोन दिवस आधी, शनिवारी, त्याला ठाण्यातून फोन आला होता. सोमेश्वर हवालदार. आवाजात काही न्हाई, दूधवाल्याचा आसतो तसा आवाज. "प्रेमसिंगची फाईल आली हाय बघ. चौदा वर्षं झाली त्याला. वेळेआधी सोडायचं का काय ते वर ठरून राहिलंय, त्यात मयताच्या घरच्यांचं म्हणणं घ्यावं लागतंय. गुरुवारी आईला घेऊन ये. हरकत आसंल तर हरकत लिहू, नसंल तर नसंल. पाच मिनिटांचं काम हाय." मयत म्हणजे हरिचंद, जगनचा बाप. प्रेमसिंग म्हणजे त्याच्या तांड्यातला, चार घरं सोडून राहणारा, ज्यानं हरिचंदला मारलं. पाच मिनिटांचं काम. फोन ठेवल्यावर जगनला राग यायला पाहिजे होता, निदान रडू तरी. त्याला आलं काय, तर एक विचित्र उत्सुकता. गावातल्या बंद घराची खिडकी एखाद्या दिवशी उघडी दिसावी आन आत डोकवावं वाटावं, तसलं. कसा दिसत आसंल तो? केस गेले आसतील का? अजून डाव्या हातानं भाकर मोडत आसंल का?

आन आता ही खुर्ची. प्रेमसिंगची म्हातारी भिकाबाई वर्षातून एकदा भेटायला जायची, आल्यावर नळावर बाया विचारायच्या, तेव्हा सांगायची, लाकूडकाम शिकून राहिला म्हणून. जगनच्या कानावर ते यायचं. त्याला ते कधी खरं वाटलं न्हाई, कारण प्रेमसिंगला खिळा सरळ ठोकता यायचा न्हाई. त्यानं गोठ्याला बसवलेलं दार वारं सुटलं की आपोआप उघडायचं आन म्हसरं तांडाभर हिंडायची. हरिचंद त्याला म्हणायचा, "प्रेम्या, तुझं दार म्हसरांच्या बाजूचं हाय." दोघं हसायचे. हे त्याला आत्ता, ऑफिसात, चहा गार होताना आठवलं. दोघं हसायचे. चौदा वर्षांत ही गोष्ट त्याला एकदाही आठवली नव्हती. जेलात हजारो माणसं, ही खुर्ची त्यानंच केली आसंल आसं काहीच न्हाई, हे जगनला कळत होतं. तरी त्यानं कोणी बघत न्हाई बघून बोट खाली नेलं आन पाय जिथं फळीला मिळतो त्या सांध्यावरून फिरवलं. कुठंच फट लागली न्हाई.

त्या दिवशीचं असं. फागणाचा महिना, हळद काढून झाली होती. हळद शिजवायचा बॉयलर कुरुंद्याहून तांड्यावर आला की दोनच दिवस थांबायचा, म्हणून पाळ्या ठरायच्या. प्रेमसिंगची पाळी आधी होती. पण तो जळण आणायला गेला तो लवकर आलाच न्हाई, बॉयलरवाला ओरडून राहिला, वाफ वाया चालली म्हणून, तेव्हा हरिचंदनं आपली हळद ड्रमात भरली. प्रेमसिंग आला. दुपार होती. सगळीकडं वाफ, आन त्या वाफेला मातीचा, कच्च्या हळदीचा, कढत लोखंडाचा वास. जगन दहावीत होता, अभ्यासाची सुट्टी, पोती उचलायला बापासंगं आला होता. शब्दाला शब्द लागला. पाळी माझी. तू कुठं मेला होता. मेला कोणाला म्हणतो. प्रेमसिंगच्या हातात खोरं होतं, शिजलेली हळद ओढायचं. ते वर गेलं. इथपर्यंत जगनला सगळं दिसतं, खोऱ्याच्या पात्याला चिकटलेला पिवळा गाळसुद्धा. ते खाली आलं. बाप वाकला. आन मग एक आवाज झाला, टण्ण, लोखंडाचा. बाप ड्रमाच्या कडेपाशी पडलेला होता. तिसऱ्या दिवशी नांदेडला दवाखान्यात वारला. प्रेमसिंग पळाला न्हाई. त्यानं खोरं ठेवलं, जाऊन वाफेचा कॉक बंद केला, म्हणजे हळद जास्त शिजून वाया जाऊ नये, आन तिथंच पोत्यावर बसला. हरिचंदचीच हळद होती ती.

डोक्यावर दोन जखमा निघाल्या. एक खोऱ्याची, हे तर सगळ्यांना कबूल. दुसरी कशाची? प्रेमसिंग कोर्टात म्हणला, मी एकदाच मारलं, तो पडताना ड्रमावर आपटला. बॉयलरवाला म्हणला, माझी पाठ होती. डॉक्टर म्हणले, दोन्ही शक्य हाय. राहिला जगन. कोर्टात जायच्या सकाळी जीपमधी लखमा काका बाजूला बसला होता, चुलता, तांड्याचा नायक. तो खोटं बोल म्हणला न्हाई. तो एवढंच म्हणला, "डोक्यावर दोन जखमा हायेत, ध्यानात ठेव." सरकारी वकिलानं विचारलं, किती घाव घातले? जगन म्हणला, दोन. जज्जानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आन परत खाली घातली. दोन. त्यानंतर ते दोन तो इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगत गेला, कॉलेजात, पाहुण्यात, एकदा तर बसमधी शेजारी बसलेल्या परक्या माणसाला, की आता डोळे मिटले की खोरं दोनदा वर जातं. पण दुसऱ्यांदा जातं तेव्हा त्याच्या पात्याला गाळ नसतो. पातं कोरं असतं, दुकानातून आणल्यावानी. हे सोमवारी दुपारी पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, आन तो स्टेपलर टेबलावर एकदा आपटून बघत बसला, मग दोनदा, मग परत एकदा.

"जगनभाऊ, डोकं दुखून राहिलं," शीतल म्हणली.

मंगळवारी सुट्टीत ती त्याच्या टेबलाशी आली. तिला सरावाचा निबंध टाईप करून पाहिजे होता. तिचा हात हळू, जगनचा असा की सुरू झाला की पाऊण पान एका दमात, मग बंद, मग परत. तिनं कागद पुढं केला. विषय वाचून जगन थांबला. कारागृहाचा उद्देश : शिक्षा की सुधारणा?

"ह्या खुर्च्यांवरून सुचला," ती म्हणली. "दोन्ही बाजूचे मुद्दे पाहिजेत. शिक्षा म्हणणाऱ्यांचा काय मुद्दा लिहू? तू सांग, तू गावाकडचा, लोक काय म्हणत्यात?"

जगन टाईप करत बोलत गेला. लोक म्हणत्यात, ज्याचं गेलं त्याला परत मिळत न्हाई, मग ह्याला काहून परत मिळावं. लोक म्हणत्यात, तिकडं दोन टाईम भाकर, धंदा शिकवत्यात, आन इकडं मयताचं लेकरू कॉलेज सोडून टायपिंग करतं, त्याला कोणी सुधरवलं? लोक म्हणत्यात, हे सुटून आलं तर त्याच नळावर पाणी भरंल, त्याच्या बादलीनंतर आपली बादली लावायची का?

शीतल त्याच्याकडं बघून राहिली. "हे भारी हाय. बादलीचं. आन सुधारणेचा?"

जगनची बोटं थांबली. मग तो म्हणला, "सुधारणेचा मला येत न्हाई. एक विचारू? समजा रागात एकानं दुसऱ्याला मारलं. एकच घाव. आन तो मेला. तर?"

"एकच, आधी काही ठरवलेलं न्हाई, पळाला न्हाई?" ती बोटं मोजत होती, पुस्तकातल्यावानी. "मग बऱ्याच केसमधी सदोष मनुष्यवध धरत्यात. पाच, सात, दहा वर्षं. जज्जावर हाय."

"आन दोन घाव घातले तर?"

"दुसरा म्हणजे त्यानं पडलेल्या माणसावर परत उचललं ना. मग खून. जन्मठेप." ती कागद आवरायला लागली. "काहून रे?"

"आसंच."

ती गेली आन जगन मॉनिटरकडं बघत बसला. कर्सर लुकलुक करत होता, एकदा, एकदा, एकदा. दहातून चौदा गेले तर उरतंच काय? उलट चार जास्तीचे. त्या चार वर्षांवर कोणाचं नाव लिहायचं? हा हिशोब त्यानं घाबरून केला न्हाई. त्याला खरंच बघायचं होतं की मन कुठपर्यंत जातं. आन मन असं लबाड, की ते लगेच दुसऱ्या बाजूनं आलं. तू दोन बघितलेच आसशील तर? पंधरा वर्षांचं पोरगं खोटं कशाला बोलंल? आता प्रेमसिंगची दया यायला लागली म्हणून बापाचा एक घाव कमी करून राहिला का? ह्याचं उत्तर आसणारा माणूस जगात एकच होता, आन तो कुठंतरी भुश्शात उभा राहून खुर्चीच्या पायाला रंधा मारत होता.

बुधवारी सांजच्याला तो तांड्यावर गेला, बसनं डोंगरकडा गावाच्या अलीकडं उतरून, पुढं चालत. लखमा काका पारावर होता. वय झालं, ऐकायला कमी येतं, पण बोलायला न्हाई. "ये साहेब," म्हणला. "उद्या ठाण्यात ना? बोलवल्यात मला बी, नायक म्हणून. मी काय सांगू, सांग."

"तुमाला काय वाटतं?"

"मला?" काकानं बिडी कानावरून काढली, परत ठेवली. "आपल्या पंचायतीचं कसं, दंड झाला, माणूस चुकलो म्हणला, की त्याच दिवशी पंगतीत. शेजारी बसून खायचं, मग तोंड वाकडं करा न्हाईतर सरळ. कोर्टाचं तसं न्हाई. ते माणूस घेऊन जातं. परत कसा घ्यायचा ते काही कागदात लिहून देत न्हाई. ते आपल्यालाच बघावं लागतं." मग तो जगनकडं वळला. "त्या सकाळी जीपमधी मी तुला काय म्हणलो होतो, ध्यानात हाय का?"

"हाय."

"मी फकत जखमा म्हणलो होतो."

"व्हय."

"मग बराबर हाय," काका म्हणला आन दुसरीकडं बघायला लागला. जगनला त्याचा राग यायच्या जागी नवलच वाटलं. ह्या माणसानं एक वाक्य चौदा वर्षं कानावर ठेवलं होतं, बिडीसारखं, ओढलं न्हाई आन फेकलं बी न्हाई.

घराकडं वळताना नळापाशी भिकाबाई उभी होती. कळशी भरून झाली होती तरी उभी. जगन मान खाली घालून पुढं निघाला. हीच वाट. पहिल्या दिवाळीला, बाप जाऊन आठ महिने झाले होते, मेऱ्याला तांड्याच्या पोरी दिवे घेऊन निघाल्या, घरोघर जाऊन थोरांचा आशीर्वाद मागायला. शिला, जगनची धाकटी बहीण, त्यात होती. मेऱ्याला एकही घर गाळायचं नसतं. पोरी भिकाबाईच्या दारी गेल्या, शिलाबी गेली, दिवा धरून उभी राहिली. भिकाबाईनं बाकीच्या पोरींच्या डोक्यावर हात ठेवला, शिलाच्या डोक्यावर ठेवायला नेला आन मधीच थांबली. शिलानंच डोकं पुढं केलं. घरी आल्यावर याडीनं, आईनं, शिलाला थोबाडीत मारली. शिला म्हणली, "गाळायचं नसतंय ना पण." आता शिला नांदायला गेली, दोन लेकरं हायेत. तिला त्यानं सोमवारी फोन केला होता, काय लिहू म्हणून. ती म्हणली, मला काय विचारतो, मी तवाच जाऊन आले.

"जगन," भिकाबाईनं हाक दिली. तो थांबला. आता रडंल, पाय धरंल, आसं त्याला वाटलं, आन त्यानं अंग आवळून घेतलं. म्हातारी म्हणली, "तुझ्या हापिसात जेलातल्या खुर्च्या आल्या म्हणं."

"व्हय काकी."

"बसायला कशा हायेत?"

"चांगल्या हायेत. डुगत न्हाईत."

तिनं मान हलवली. एकदा कळशीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. कळशी उचलून गेली.

याडीनं दारातून सगळं बघितलं, ऐकलं होतं. पारुबाईचं तसं होतं, ती बघायची, बोलायची न्हाई. ती भाकरी थापत होती तवा जगननं विचारलं, "याडी, उद्या काय सांगायचं?"

"हरकत."

"काहून, ते तरी सांग."

"भाकर काहून खातो, ते सांग बरं तू." तिनं भाकर उलटली. "चांगल्या हायेत म्हणला काय तिला?"

"हायेतच चांगल्या. खोटं काहून बोलू?"

ह्यावर ती हातातलं पीठ झटकत त्याच्याकडं नुसती बघत राहिली, इतका वेळ की तव्यावरची भाकर करपली. असं तिचं कधी होत नव्हतं.

गुरुवारी ठाण्यात सोमेश्वर हवालदारानं दोघांना बाकड्यावर बसवलं. लखमा काका आधीच येऊन सही करून गेला होता, काय सांगितलं ते हवालदारानं सांगितलं न्हाई, जगननं विचारलं न्हाई. बाकडं डुगत होतं. याडी जरा हलली की जगन वर जायचा. हवालदारानं पेन झाडला. "हां. पारुबाई हरिचंद. प्रेमसिंगला सोडलं तर तुमची हरकत हाय का? तुमाला त्याच्याकडून काही भेव वाटतं का?"

"भेव न्हाई," याडी म्हणली. "हरकत हाय."

"भेव न्हाई तर हरकत कशाची?"

"तुमी हरकत विचारली ना? मग हाय."

हवालदारानं लिहिलं. शाईचा पॅड पुढं केला, तिनं अंगठा दिला. मग त्यानं जगनकडं बघितलं. "तुझं बी तेच?"

जगन म्हणला, "साहेब, त्यानं एकदाच मारलं होतं."

पेन थांबला. "काय?"

"दुसरा घाव मी सांगितला होता. कोर्टात. म्हणजे मला वाटतं मीच सांगितला. मी बघितला का न्हाई, मला आता सांगता येत न्हाई." बोलताना त्याला आपलाच आवाज लांबून आल्यावानी वाटला. आता काय होतं, एवढंच त्याला बघायचं होतं.

सोमेश्वरनं डोळे चोळले. "हे बघ बाळा. ते झालं, गेलं. अपील झालं, फेटाळलं. ह्या कागदात त्याला कॉलम न्हाई. हरकत हाय, न्हाईतर न्हाई, एवढंच मला विचारायचं हाय."

"मला म्हाईत हाय," याडी म्हणली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं. ती अंगठ्याची शाई भिंतीला पुसत होती, पुसली जात नव्हती.

"मी भाकरी घेऊन येत होते. बांधावर होते मी. एकच मारलं त्यानं. मग तुझा बाप ड्रमावर गेला." ती जगनकडं बघत नव्हती. "मला कोणी विचारलं न्हाई. तू दोन म्हणला तवा मी तिथं मागं बसलेलीच होते की."

"मग तू बोलली काहून न्हाई?"

"काय बोलू? एक का दोन." तिनं अंगठा परत भिंतीला घासला. "माझा माणूस तर एकच होता."

बाहेर कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती, परत परत किक मारण्याचा आवाज येत होता. जगनला वाटलं होतं, हा प्रश्न सुटला तर छातीवरचं काही तरी उतरंल. उतरलं न्हाई. पण जागा बदलली. खोरं एकदा वर गेलं, गाळ चिकटलेलं, एकदाच खाली आलं, आन त्याच्या मागं, बांधावर, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई उभी होती, जी त्याला चौदा वर्षांत कधी दिसली नव्हती. तिला एक बी माहीत होता, दोन बी माहीत होते, आन तरी तिची हरकत होती. आन ती हरकत खोटी नव्हती. शीतलच्या निबंधात ही बाई कुठल्या बाजूला लिहायची?

"काय लिहू मग?" हवालदारानं विचारलं.

"माझी हरकत न्हाई," जगन म्हणला. "आन ते एकदाच मारल्याचं खाली लिहून घ्या. कॉलम नसला तरी."

हवालदार याडीकडं बघायला लागला. याडी म्हणली, "लिव्हा. त्याचं त्याला." मग थोडं थांबून, "माझं माझं राहू द्या." सोमेश्वरनं बराच वेळ पेन धरून ठेवला, मग सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या. जगननं वाचून सही केली.

याडीचे डोळे हिंगोलीला दाखवायचे होते, म्हणून ती त्याच्यासंगंच बसमधी बसली. रस्ताभर ती काळा अंगठा लुगड्यापासून लांब धरून बसली होती. हिंगोली जवळ आली तेव्हा म्हणली, "तुझं हापीस वाटंतच हाय ना?"

दुपारची सुट्टी होती, ऑफिसात कोणी नव्हतं. जगननं बोट केलं. ती खुर्चीजवळ गेली. आधी बसली न्हाई. बाजारात बाज घेताना दाबून बघतात तशी दोन्ही हातांनी दाबली, एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या. पाठीवरून हात फिरवला, खाली वाकून सांधे बघितले, शिक्का बघितला. तिला वाचता येत न्हाई, तरी तिनं बराच वेळ बघितला. मग ती बसली. तिचे पाय फरशीला पुरत नव्हते. ती एकदा डावीकडं झुकली, एकदा उजवीकडं, मग सगळा भार टाकून परत डावीकडं, आन कान देऊन ऐकत राहिली, कुठंतरी कर्रर्र वाजतंय का म्हणून. जगन दारात उभा होता. ती परत उजवीकडं झुकली.